गलाईच्या भट्टीतून रक्तात

दिवाळीच्या सुट्टीत किंवा खरसुंडीच्या सिद्धनाथाच्या यात्रेला आटपाडी तालुक्यातल्या गावांतून फिरले, तर गल्लीबोळांत केरळ, तामिळनाडू, आसामच्या नंबरप्लेटच्या गाड्या उभ्या दिसतात. पारावर बसलेली तरुण पोरे बोलता बोलता मधेच मल्याळम किंवा बंगाली शब्द वापरून जातात. ही गलाईवाल्यांची घरे. आटपाडी, खानापूर, तासगाव, कवठेमहांकाळ आणि शेजारचा माण-खटाव या दुष्काळी पट्ट्यातून माणसे उठली आणि देशभरातल्या सराफ कट्ट्यांच्या मागच्या बोळांत जाऊन बसली. जुने सोने-चांदी वितळवून शुद्ध करून देणे हा त्यांचा धंदा. पाऊस पर्जन्यछायेत अडकलेला, माणगंगा वर्षातला बराच काळ कोरडी, आणि जमीन असूनही पोट भरत नाही अशी गत. त्या काळात एकाने गावातल्या चौघांना नेले, चौघांनी चाळीस जणांना नेले. माणदेशाच्या स्थलांतराची ही कहाणी अभिमानाने सांगितली जाते आणि तो अभिमान रास्तच आहे. गावातल्या शाळांच्या खोल्या, मंदिरांचे सभामंडप, डाळिंबाच्या बागांतली ठिबकची नळी, या सगळ्यांत गलाईचा पैसा आहे.

त्या पैशाबरोबर आणखी काय घरी आले, हा या पुस्तिकेचा विषय आहे. रक्त तपासले असता त्यात जे असायला नको ते सापडणे, म्हणजे धातू, न सांगता दिलेली औषधे, नशेचे पदार्थ, हा विषय एरवी मोठ्या शहरातल्या विषशास्त्राच्या विभागाचा मानला जातो. आपल्या तालुक्यात तो घराघरांत आहे आणि तरीही कुणी त्याचे नाव घेत नाही. म्हणून ही प्रस्तावना नेहमीपेक्षा लांबली आहे.

आधी भट्टीत काय होते ते पाहू. सराफाकडून आलेली मोड, दागिन्यांचे तुकडे, कारागिराच्या बैठकीखालची झाडलोट, सगळे मुशीत घालून वितळवतात. सोने शुद्ध करायचे तर त्यात मुद्दाम तिपटीच्या आसपास चांदी मिसळतात आणि मग ते तेजाबात, म्हणजे नायट्रिक आम्लात, उकळतात. चांदी आणि तांबे विरघळून जातात, सोने तळाशी राहते. त्या वेळी निघणारा तांबूस-तपकिरी धूर नायट्रोजन डायऑक्साइडचा असतो. तो फुप्फुसाला झोंबतो, डोळ्यांना पाणी आणतो, म्हणून त्याची निदान जाणीव तरी होते. चांदीची गोष्ट वेगळी. अशुद्ध चांदीत शिसे घालून ती तापवायची, वर हवा मारायची, म्हणजे शिशाचा ऑक्साइड होतो आणि तांब्यासारखे हिणकस धातू आपल्याबरोबर घेऊन तो मुशीत मुरतो किंवा वाफ होऊन उडतो. मागे शुद्ध चांदी राहते. ही पद्धत हजारो वर्षांची आहे आणि अचूक आहे. त्या वाफेला वास जवळपास नाही, रंग फारसा नाही, खोकलाही येत नाही. आठ बाय दहाच्या खोलीत, खिडकी बंद करून (सोन्याचांदीचा कण उडून जाऊ नये म्हणून आणि चोरीच्या भीतीनेही) बसलेला माणूस ती दिवसभर श्वासात घेतो.

शिशाला आतड्यातून किंवा फुप्फुसातून रक्तात जायला वेळ लागत नाही. रक्तात ते तांबड्या पेशींना चिकटते. तिथे हिमोग्लोबिन तयार करणाऱ्या साखळीतल्या दोन विकरांना ते रोखते, आणि लोह शरीरात असूनही ते हिमोग्लोबिनमध्ये बसवता येत नाही. माणूस पांढरा पडतो. आतड्याच्या स्नायूंना पेटके येतात, बद्धकोष्ठ होते, पोटात कळ येते. हातातली ताकद कमी होते आणि जुनाट विषबाधेत मनगट खाली लोंबकळू लागते. मूत्रपिंडावर ताण येतो, रक्तदाब चढतो, झोप उडते, चिडचिड वाढते. हे सगळे एकदम येत नाही. वर्षानुवर्षे थोडे थोडे येते, म्हणून ते धंद्याचे न वाटता वयाचे वाटते.

आता हा माणूस सुट्टीत गावी येतो आणि पोटात दुखते म्हणून दवाखान्यात जातो. रक्ताची नेहमीची तपासणी होते. हिमोग्लोबिन कमी. लोहाच्या गोळ्या, टॉनिक. पुन्हा कळ आली की गॅसची गोळी, मग सोनोग्राफी, आणि तीही ठीक. शिशाच्या पोटदुखीवर अपेंडिक्सची शस्त्रक्रिया झाल्याची उदाहरणे वैद्यकीय साहित्यात जगभर नोंदली आहेत. लोहाच्या गोळ्या घेऊन हिमोग्लोबिन फारसे हलत नाही, कारण कमतरता लोहाची नसतेच. इथे दोष कुणा एका डॉक्टरचा नाही. प्रयोगशाळेतले यंत्र पेशी मोजते, साखर मोजते, क्रिएटिनिन मोजते. त्याला शिशाबद्दल विचारलेलेच नसते. रक्ताच्या तपासणीविषयी सर्वसामान्य माणसाचा एक पक्का समज आहे की रक्त काढले म्हणजे शरीरात काय आहे ते सगळे कळते. असे होत नाही. ज्या पदार्थाचे नाव चिठ्ठीवर लिहिले, तेवढाच शोधला जातो. या पुस्तिकेतले प्रत्येक प्रकरण शेवटी याच मुद्द्यावर येऊन थांबते.

एक खूण मात्र नेहमीच्या तपासणीतही हाती लागू शकते. रक्ताचा थेंब काचेवर पसरून, रंगवून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला, तर शिशाच्या विषबाधेत काही तांबड्या पेशींत निळसर ठिपके दिसतात. ते दर वेळी दिसतीलच असे नाही, आणि इतर काही आजारांतही दिसतात. पण ज्या प्रयोगशाळेत तंत्रज्ञ अजून काच हातात घेऊन डोळ्यांनी पाहतो, तिथे असा एखादा रुग्ण सापडायची शक्यता उरते. सगळे काम यंत्रावर सोपवले की ती शक्यताही जाते. हिरड्यांच्या कडेला निळसर-काळी रेघ ही दुसरी खूण. लंडनच्या हेन्री बर्टन या डॉक्टरने १८४० मध्ये तिचे वर्णन केले. रुग्णाला तोंड उघडायला सांगितले तर ती फुकट दिसते.

हे सगळे ऐकीव नाही. २००६-०७ च्या सुमारास अरुण पाटील, विनोद भागवत, कुसल दास आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पश्चिम महाराष्ट्रातले चांदीचे दागिने घडवणारे कारागीर, बॅटरी कारखान्यातले कामगार आणि स्प्रे पेंटिंग करणारे यांच्या रक्तातले शिसे मोजून त्याचे शोधनिबंध प्रसिद्ध केले. चांदी कारागिरांच्या रक्तात सरासरी ४८ च्या वर मायक्रोग्रॅम प्रति डेसिलिटर शिसे आढळले. बॅटरी कामगारांत ते ५३ च्या वर होते, तर तुलनेसाठी घेतलेल्या इतर लोकांत १२ च्या आसपास. हिमोग्लोबिन आणि यकृत-मूत्रपिंडाच्या चाचण्यांवरही परिणाम दिसला. चांदीचे दागिने घडवणारा कारागीर आणि चांदी गाळणारा गलाईवाला एक नव्हेत, हे खरे. पण धातू तोच, मूस तीच, आणि बंद खोलीही तीच.

या आकड्यांचा अर्थ समजून घेतला पाहिजे. डेसिलिटर म्हणजे १०० मिलिलिटर. प्रौढाच्या अंगात साधारण ५ लिटर रक्त धरले, तर ५० ची पातळी म्हणजे सगळ्या रक्तात मिळून अडीच मिलिग्रॅम शिसे. चिमटीतसुद्धा येणार नाही इतके. तेवढ्याने माणूस पांढरा पडतो. जागतिक आरोग्य संघटनेने शिशाची सुरक्षित अशी कोणतीही पातळी नाही असे स्पष्ट म्हटले आहे, आणि ५ मायक्रोग्रॅम किंवा त्याहून जास्त आढळल्यास ते कुठून येते हे शोधून थांबवावे असे तिच्या २०२१ च्या मार्गदर्शिकेत सांगितले आहे. अमेरिकेत लहान मुलांसाठीची संदर्भ पातळी २०१२ मध्ये ५ होती, ती २०२१ मध्ये ३.५ वर आणली गेली. तुलनेसाठी घेतलेल्या निरोगी माणसांचे १२ हेसुद्धा आजच्या मोजमापाने जास्तच आहे, याकडे माझ्या मते पुरेसे लक्ष गेलेले नाही. त्यामागे पेट्रोलचाही हात असावा. देशभर शिसेविरहित पेट्रोल आले ते २००० साली. त्याआधीची कित्येक दशके रस्त्यावरच्या धुरातून शिसे सगळ्यांच्याच अंगात जात होते. १९९० च्या दशकाअखेर जॉर्ज फाउंडेशनने मुंबईसह काही मोठ्या शहरांत मुलांचे रक्त तपासले, तेव्हा निम्म्याहून अधिक मुलांत १० किंवा त्याहून जास्त पातळी निघाली. बंगळुरूच्या सेंट जॉन्स वैद्यकीय महाविद्यालयातले डॉ. थुप्पिल वेंकटेश यांनी याच कामात आयुष्य घातले आणि शिशाच्या विषबाधेसाठी राष्ट्रीय संदर्भ केंद्र उभे केले.

रक्तातले शिसे महिन्याभरात निम्मे होते. म्हणजे आसामातून आलेला माणूस दोन महिने गावी राहिला, तर त्याच्या रक्ताचा आकडा बराच खाली येतो. पण ते शिसे सगळे बाहेर पडलेले नसते. प्रौढ माणसाच्या अंगातले नव्वद टक्क्यांहून अधिक शिसे हाडांत जाऊन बसते आणि तिथे वीस-तीस वर्षे राहते. म्हातारपणी हाडे झिजू लागली, किंवा बाईच्या गरोदरपणात बाळासाठी हाडातले कॅल्शियम निघू लागले, की त्याबरोबर ते पुन्हा रक्तात उतरते आणि वारेतून बाळापर्यंत पोचते. वीस वर्षांपूर्वी धंदा सोडून डाळिंब लावलेल्या माणसाचे रक्तही म्हणून तपासण्याजोगे आहे.

बाईचा उल्लेख आला, त्यावर थोडे थांबायला हवे. गलाईचे दुकान आणि घर बहुतेक वेळा एकच असते. खाली भट्टी, वर माळ्यावर संसार. नवऱ्याचे कपडे ती धुते, झाडलोट ती करते, मूल त्याच फरशीवर रांगते आणि हात तोंडात घालते. मुलांचे आतडे प्रौढांपेक्षा कितीतरी जास्त शिसे शोषते, आणि लोह किंवा कॅल्शियम कमी असलेले मूल आणखी जास्त. प्रौढांत पोटदुखीपर्यंत जाणारी विषबाधा मुलात गुपचूप असते. मूल मागे पडते, लक्ष लागत नाही, हट्टी होते. त्याला ढ म्हटले जाते. युनिसेफ आणि प्युअर अर्थ या संस्थांनी २०२० मध्ये जगातल्या सुमारे ८० कोटी मुलांच्या, म्हणजे दर तीन मुलांत एकाच्या, रक्तात ५ किंवा त्याहून जास्त शिसे असल्याचा अंदाज मांडला. त्यांतली एक तृतीयांश मुले एकट्या भारतातली होती. त्या मुलांत आपली किती, हे मोजायची वेळ कधीची येऊन गेली आहे.

शिसे भट्टीतूनच येते असेही नाही. मारुतीला, म्हसोबाला चढवतात तो शेंदूर परंपरेने शिशाचाच ऑक्साइड. देवाला वाहायला हरकत नाही. पण तो हाताला लागलेला तसाच मुलाच्या तोंडात जाता कामा नये, कपाळावर रोज लावू नये. हळदीचा रंग खुलवायला लेड क्रोमेट नावाची पिवळी पूड लावण्याचा प्रकार दक्षिण आशियात अनेक ठिकाणी आढळला. सांगली ही हळदीची पेठ, सांगलीच्या हळदीला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. म्हणून हा विषय आपल्या जिल्ह्याने सगळ्यात आधी स्वतःच्या हातात घ्यावा असे मला मनापासून वाटते. बांगलादेशने हे करून दाखवले आहे. २०१९ मध्ये तिथल्या बाजारातल्या हळदीच्या ४७ टक्के नमुन्यांत शिसे सापडत होते. तपासण्या, दंड आणि वर्तमानपत्रांतून सूचना, एवढ्यावर ते २०२१ पर्यंत शून्यावर आले, आणि हळद दळणाऱ्या गिरणी कामगारांच्या रक्तातले शिसेही उतरले.

परदेशातल्या मराठी घरांना हा विषय आपल्याआधी भेटतो, कारण तिथे लहान मुलांचे शिसे तपासण्याची पद्धत आहे. २०२३ मध्ये अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलिना राज्यात अशाच नेहमीच्या तपासणीत काही मुलांच्या रक्तात शिसे सापडले. माग काढता काढता ते सफरचंदाच्या गराच्या पाकिटांपर्यंत आणि त्यात घातलेल्या दालचिनीपर्यंत पोचले. मुले वरवर ठणठणीत होती. विचारले म्हणून कळले.

औषधांचा भाग या पुस्तिकेत स्वतंत्र आहे, म्हणून इथे थोडक्यात सांगतो. २००४ मध्ये रॉबर्ट सेपर या डॉक्टरांनी बॉस्टनच्या दुकानांत विकली जाणारी, दक्षिण आशियात तयार झालेली ७० आयुर्वेदिक उत्पादने तपासली. त्यांतल्या १४ उत्पादनांत शिसे, पारा किंवा आर्सेनिक निघाले. रसशास्त्रात नागभस्म म्हणजे शिशाचेच भस्म, आणि त्याच्या शुद्धीचे कडक नियम त्या शास्त्राने स्वतःच घालून दिले आहेत. ते नियम पाळणाऱ्या वैद्याशी माझा वाद नाही. माझा वाद आहे बसस्टँडवर, बाजारात, ओळखीतून मिळणाऱ्या बिननावाच्या पुड्यांशी. गुडघेदुखीची किंवा दम्याची पुडी एका दिवसात गुण देते तेव्हा तिच्यात स्टेरॉइड कालवलेले असण्याची शंका घ्यावी. तेही नेहमीच्या तपासणीत नावाने दिसत नाही. दिसते ते त्याचे काम: चढलेली साखर, सुजलेला चेहरा, आणि विचारलेच तर सकाळच्या रक्तात घसरलेले कॉर्टिसॉल. अशी पुडी अचानक बंद करणेही घातक असते, ती डॉक्टरांच्या देखरेखीखालीच उतरवत न्यावी लागते. आणि नशेच्या पदार्थांबद्दल आपल्या जिल्ह्याला आता डोळे मिटून बसता येणार नाही. मार्च २०२४ मध्ये मुंबई पोलिसांनी कवठेमहांकाळ तालुक्यातल्या इरळी इथे मेफेड्रोनचा कारखाना उघडकीस आणला. जानेवारी २०२५ मध्ये सांगली पोलिसांनी विट्याजवळच्या कार्वे औद्योगिक वसाहतीत दुसरा पकडला. पोरगा झोपत नाही, छातीत धडधडते म्हणून आईवडील त्याला दवाखान्यात आणतात आणि नशेची साधी पट्टीतपासणी कोरी येते, तेव्हा त्यांना हायसे वाटते. ती पट्टी गांजा, अफू अशा ठरावीक पदार्थांसाठी असते. मेफेड्रोन तिच्यातून सहज निसटते.

पुन्हा शिशाकडे येतो, कारण उपाय तिथे आपल्या हातात आहे. इटलीतल्या बर्नार्दिनो रामाझ्झिनी यांनी १७०० साली कामगारांच्या आजारांवर ग्रंथ लिहिला आणि डॉक्टरांना सांगितले की रुग्णाला आणखी एक प्रश्न विचारत जा: तुझा धंदा काय? आटपाडीतल्या प्रत्येक दवाखान्याच्या केसपेपरवर हा रकाना असावा, आणि त्यात नुसते ‘व्यवसाय’ किंवा ‘नोकरी’ न लिहिता ‘गलाई, चांदी, अमुक शहर, इतकी वर्षे’ असे लिहिले जावे. १९४८ च्या कारखाने कायद्यात कळवणे बंधनकारक असलेल्या आजारांच्या यादीत पहिलेच नाव शिशाच्या विषबाधेचे होते. पण दोन-चार माणसांचे गलाईचे दुकान कारखान्याच्या व्याख्येत बसत नव्हते. त्यामुळे ज्या कामगाराला कायद्याची सर्वांत जास्त गरज, त्याच्यापर्यंत तो पोचलाच नाही. सरकारी निरीक्षकाची वाट पाहण्यात अर्थ नाही. भट्टीवर धूर ओढून बाहेर टाकणारे धुरांडे आणि पंखा, भट्टीच्या खोलीत जेवण-तंबाखू बंद, घरात शिरण्यापूर्वी अंघोळ आणि कपडे बदलणे, लहान मुलांचा माळा दुसऱ्या जागी, एवढे गलाई बांधवांच्या शहराशहरांतल्या संघटना ठरवतील तर एका वर्षात होईल. यात्रेतल्या कुस्त्यांना देणग्या देणाऱ्या हातांना हे जड नाही.

रक्तातले शिसे काढणारी औषधे आहेत. पण ती पातळी बरीच वर गेल्यावर, रुग्णालयात द्यायची असतात. ती घेऊन पुन्हा त्याच भट्टीवर बसले तर उपयोग होत नाही, अपायच होतो. ‘रक्त शुद्ध करून देतो’ म्हणणाऱ्या जाहिरातींना म्हणून भुलू नये. पहिला आणि मुख्य उपचार म्हणजे शिशाचा संपर्क तोडणे.

तपासणीसाठी यात्रेचा काळ सोयीचा, कारण तेव्हा माणसे गावात असतात. आल्याबरोबर, पहिल्या आठवड्यातच रक्त द्यावे. महिनाभराने दिले तर आकडा फसवा खाली आलेला असेल. हात साबणाने नीट धुऊन, बोट न टोचता शिरेतून रक्त घ्यावे, नाहीतर त्वचेवरची धूळच मोजली जाईल. नमुना धातू मोजण्याची सोय असलेल्या प्रयोगशाळेत पाठवावा आणि चिठ्ठीवर ‘रक्तातील शिसे’ हे शब्द स्पष्ट लिहावेत. मुलांचे रक्त त्याच दिवशी घ्यावे, आणि घरातल्या बाईचेही. ती भट्टीवर बसत नाही म्हणून तिला वगळू नये.